आम्रपालीला आणायला गेले

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, पाण्याची बाटली आणि चांगलं पाठ केलेलं भाषण होतं. भाषण आम्रपालीच्या आईवडिलांसाठी होतं. बस नगर सोडून पुढे गेली तरी मी ते मनातल्या मनात घासूनपुसून ठेवत होते. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी एकदा विचारलंसुद्धा, "काही म्हणालात का?"

आमचा एक गट आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींशी आम्ही आठवड्यातून एकदा फोनवर बोलतो. कुठला विषय घ्यावा, प्राध्यापकांना शंका कशी विचारावी, वसतिगृहात पटलं नाही तर कुणाकडे जावं, हे घरात सांगणारं कुणी नसतं, ते आम्ही सांगतो. कोणी नोकरीत, कोणी निवृत्त. मी एका प्रयोगशाळेत काम करते, म्हणून रसायनशास्त्रवाली आम्रपाली माझ्या वाट्याला आली. तिचं पदवीचं शिक्षण चिखलीला चाललं होतं तेव्हापासून आमचे रविवार ठरलेले. तिला पुण्यात एम.एस्सी.ला जागा मिळाली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. सोमवारी तिनं हजर व्हायचं होतं. नाही झाली तर जागा पुढच्याला जाणार होती.

आणि त्याच्या आठवडाभर आधीच्या रविवारी ती फोनवर शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी येत नाही. आश्विन पौर्णिमेपर्यंत तर नाहीच." का, ते सांगितलं नाही. नाही म्हणायला शिक, असं मीच तिला इतके दिवस शिकवत होते. तिनं पहिलं नाही मलाच ऐकवलं! मला वाटलं, झालं, घरच्यांनी लग्न ठरवलं. दुसरं काय असणार? मी रजा टाकली आणि तिला न कळवता निघाले.

चिखलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा सकाळ चांगली वर आली होती. श्रावणातलं ऊन मधूनच पडत होतं आणि मधूनच भुरभुर चालू होती. चहावाल्यानं आलं घातलेला कडक चहा दिला आणि खामगाव रस्त्याची काळीपिवळी (वडाप जीप) दाखवली. आत बसायला जागा नव्हती, तरी बसवलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन टोंगळ्याला (गुडघ्याला) लागलेलं, मध्ये कपाशीचे पट्टे, तुरीच्या ओळी. इतका हिरवा रंग मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. नजर निवली, पण भाषण काही सुटेना.

समोर एक बाई बसल्या होत्या. पदराखाली मिरचीच्या रोपांची जुडी सांभाळत त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोणाच्या घरी जाऊन राह्यल्या, बाई?"

"दादारावांकडे. त्यांची मुलगी आहे ना, आम्रपाली."

"हाव हाव. पोरगी लय चांगली हाय. नाकीडोळी नीट, कामाले बी वाघ."

"हो, हुशार आहे," मी म्हटलं.

"तुमाले पोरं किती?"

"एकच मुलगा. बंगळूरला असतो."

"नोकरीले?"

"हो."

बाई समाधानानं हसल्या आणि शेजारणीच्या कानाला लागल्या. मला त्या मोकळ्या स्वभावाच्या वाटल्या, एवढंच.

उंद्री गावाच्या पुढे फाट्यावर आम्ही दोघी उतरलो. बाई पांदीनं (शेतातल्या वाटेनं) झपझप निघून गेल्या. मी शहाण्यासारखी सडकेनं गेले. ती सडक पुढे खणून ठेवलेली होती. काळ्या मातीत माझी एक चप्पल रुतली, ती काढायला वाकले तर दुसरी रुतली. शेवटी दोन्ही हातात घेतल्या आणि साडी वर खोचून चालत राहिले. अशा अवतारात मी दादारावांच्या अंगणात पोचले.

अंगण नुकतंच झाडलेलं होतं. बाजेवर (खाटेवर) नवी सतरंजी, आतून फोडणीचा वास. आम्रपालीची आई सुमनबाई डोक्यावर पदर घेऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "पाय धुवा, बाई." दादाराव इस्त्रीचा सदरा घालून समोर बसले. आम्रपालीचा पत्ता नव्हता. मी येणार हे यांना कसं कळलं, याचंच मला नवल वाटत होतं. पोहे आले, चहा आला. मी घसा खाकरला आणि भाषणाचं पहिलं वाक्य जुळवलं, तेवढ्यात दादारावांनी हात जोडले.

"बाई, राग नका मानू. तुमी लांबून आल्या. च्या घ्या, पोहे खा, दुपारी जेवून जा. पण आमाले पोरीचं लग्न आता करायचं नाही. तिचा पुण्याले नंबर लागला. सोमवारी जाऊन राह्यली थे."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"पोरगा बंगळूरले हाय, चांगली नोकरी हाय, समजलं आमाले," ते म्हणाले. "पण तो कलेक्टर असन तरी नाही. आमच्या घरात तिच्याआधी कोणी कॉलेज नाही पाह्यलं. थे शिकते तं शिकू द्या."

म्हणजे मिरचीच्या रोपांवाल्या बाई माझ्याआधी पोचल्या होत्या. शहरातली नवखी बाई, बऱ्यापैकी साडी, घरात लग्नाची मुलगी आणि बाईला नोकरीवाला मुलगा. गावानं हिशेब पुरा करून टाकला होता. आणि मी पाठ केलेल्या भाषणातलं एकेक वाक्य हा माणूस मलाच ऐकवत होता, माझ्यापेक्षा किती तरी सोपं करून.

"अहो, मी मुलगी बघायला नाही आले! मी पुण्याची. फोनवरची."

सुमनबाईंच्या हातातली बशी कलली. "अव माय! रविवारच्या मॅडम?" आणि मग त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की दादारावांनाही राहवेना. मीही हसले. हसताहसताच एक गोष्ट ध्यानात आली. घरचे तयार होते. सोमवारची वाट बघत होते. आपली लेक नाही म्हणाली आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं.

मी त्यांना ते सांगितलं नाही. सांगायचं तर तिनंच सांगायला हवं होतं.

आम्रपाली दुपारी निंदणाहून (तण काढून) आली. मला बघून दारातच थबकली. जेवायला ज्वारीची भाकरी आणि पातोडीचा रस्सा होता. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, झणझणीत तर्रीत सोडलेल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सुमनबाई "तिखट नाही ना लागून राह्यलं?" विचारत आणखी वाढत होत्या. मी "नाही नाही" म्हणत होते. नाही म्हणायला मला तरी कुठे जमतं!

जेवणं झाल्यावर ती मला वावर (शेत) दाखवायला घेऊन गेली. धुऱ्यावर (बांधावर) बसल्यावर मी सरळ विचारलं, "काय झालं ग?"

"वर्षावास चालू आहे मॅडम," ती म्हणाली. माझ्याशी ती नेहमी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत त्यांच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचणारी ती. शाळेत होती तेव्हापासून तीच. "मी गेले तर वाचेल कोण? मध्येच सोडून जायचं का?"

कारण खरं होतं. पण ते पुरं नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. मी धुऱ्यावरचं गवत उपटत बसले. गप्प बसणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड काम आहे आणि मला ते क्वचितच साधतं.

मग ती म्हणाली, "प्रवेश परीक्षेला आले होते ना पुण्याला, तेव्हा वर्ग सापडेना. एका मुलीला विचारलं, मले हा हॉल कुठं हाय सांगता का. ती नीट सांगत होती, पण मागच्या दोघीजणी 'मले, मले' करून हसत राहिल्या. पेपर होईपर्यंत कानात तेच." त्या संध्याकाळी ती माझ्याकडे जेवली होती. तेव्हा यातलं अवाक्षर बोलली नव्हती. "इथं मी वाचते तेव्हा सगळे कान देऊन ऐकतात. तिकडं तोंड उघडायचीच भीती वाटते मॅडम."

मला राग आला, त्या दोघींचा. तिच्यासाठी वाईट वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याकडे दुर्लक्ष कर, असं म्हणणं सोपं होतं. पण मला कुणी कधी हसलं नव्हतं, मग ते म्हणण्याचा मला अधिकार काय?

संध्याकाळी आम्ही विहारात गेलो. छोटीशी एक खोली, समोर बुद्धमूर्ती, पंचशील झेंडा, मेणबत्त्या, उदबत्ती. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया मांडी घालून बसल्या होत्या, पुरुष मागे भिंतीला टेकून. "जयभीम, बाई," सगळ्यांनी म्हटलं. वंदना झाली आणि आम्रपालीनं ग्रंथ उघडला. नांगरणाऱ्या शेतकऱ्याला भगवान बुद्ध भेटतात आणि मीही नांगरतो, मीही पेरतो असं सांगतात, तो प्रसंग होता. ती परिच्छेद वाचायची, थांबायची आणि आपल्या बोलीत समजावून द्यायची. श्रद्धा हे बियाणं कसं, हे सांगताना तिनं त्यांच्याच वावरातलं सोयाबीन पुढे केलं.

"मंग निंदण कोन करते?" पुढे बसलेल्या केवळाबाईंनी विचारलं. त्या सर्वांत वयस्कर.

"आपणच, आजी. रागलोभ निघते ते रोज उपटा लागते."

"रोज? मंग तं लय काम हाय," केवळाबाई म्हणाल्या, आणि खोली हसली. फोनवर जपून बोलणारी मुलगी ही नव्हतीच. हिचा आवाज खोलीभर होता.

मग केवळाबाईंनी मला फर्मावलं, "पुण्याच्या बाई, तुमी बी वाचा जरा." मी ग्रंथ घेतला. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मी, खणखणीत सुरू झाले. चार-पाच वाक्यं झाली असतील, पुढच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी फिसकन हसलं. ते पसरत गेलं.

केवळाबाई पदरात हसू लपवत म्हणाल्या, "बाई, तुमचं काई समजून नाही राह्यलं. तुमी बोलता का रेडिओ लावला? कायले एवढी घाई?"

माझे कान तापले. या वयातही, इतक्या मायेच्या माणसांतही, ते लागलं. पुस्तक मिटून द्यावं असं वाटलं. मी मान वर केली तर आम्रपाली माझ्याकडे बघत होती, आणि ती एकटीच हसत नव्हती. मग मी मिटलं नाही. तोच परिच्छेद पहिल्यापासून, सावकाश वाचला. माझ्याच भाषेत, पण थांबत थांबत. हसू विरलं. शेवटी केवळाबाई म्हणाल्या, "हां. आता समजलं."

ग्रंथ परत घेताना आम्रपालीनं तो उघडला नाही. "मले एक सांगायचं हाय," ती म्हणाली, तिच्या त्याच भरल्या आवाजात. "पुण्याले जायचं नाही असं म्या मनात धरलं होतं. आईबाबाले बी नाही सांगितलं. वाचन अर्धं राहीन म्हणून, अन् भेव वाटते म्हणून. पण आता जावं वाटते."

मागे भिंतीशी दादाराव ताठ झाले. सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग केवळाबाई वैतागून बोलल्या, "अव पोरी, आमची लता सातवी झाली हाय ना! थे वाचन (ती वाचेल)."

"म्या?" त्यांची सून लता दचकली. "मी अडखळतो."

"अडखळ. आमाले कुठं गाडी पकडायची हाय?"

दुसऱ्या दिवशी लता वाचायला बसली. एकेक ओळ ओढत होती, कपाळाला घाम. आम्रपाली शेजारी होती, पण तिनं एकही शब्द पुरवला नाही. बायांनी शेवटपर्यंत बसून ऐकलं.

रविवारी आम्ही दोघी निघालो. फाट्यापर्यंत निम्मं गाव होतं. मिरचीच्या रोपांवाल्या बाईही होत्या. "मंग पोराचं काय करता?" त्यांनी मला विचारलंच. परतीच्या बसमध्ये खिडकीशी आम्रपाली झोपली आणि माझ्याकडे विचार करायला भरपूर वेळ होता. मी आईवडिलांची समजूत घालायला गेले होते, ते माझ्या पुढे होते. मी सल्ले द्यायला गेले होते, आणि तिच्या उपयोगी पडली ती माझी झालेली फजिती. मार्गदर्शक म्हणवून घेताना यापुढे मी जरा दबकून म्हणवीन.

पुण्यात उतरलो तेव्हा उजेड होता. मी सामानाशी उभी राहिले आणि ती रिक्षाकडे गेली.

"दादा, पोरींच्या वसतिगृहाले जायचं हाय. येता का?"

रिक्षावाल्यानं भुवया वर केल्या. "काय?"

तेच वाक्य माझ्या तोंडात पुणेरी होऊन तयार होतं. मी ते गिळलं. आम्रपालीनं एकदा मागे माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे वळली आणि तेच शब्द, तस्सेच, जरा सावकाश पुन्हा म्हटले.

"बसा," तो म्हणाला.