सतरा गाईंची नावं

या ग्रुपवरच्या अनुभवांखाली "पित्त झालं असेल", "झोपेत होता का?" असल्या कमेंट टाकणारी ती खडूस बाई मीच. त्यामुळे आता माझी पाळी आली म्हटल्यावर खुशाल हसा, हक्क आहे तुमचा. आमच्या घरातून अंगारे, धुपारे, देवऋषी हे सगळं आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच उंबऱ्याबाहेर गेलं. भीती मोडावी म्हणून बाबा मला लहानपणी मुद्दाम अंधारात विहिरीवर पाठवायचे. त्यात माझी नोकरी जमीन मोजणीची. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही... मानत नव्हते, असं म्हणू या.

बाबांबद्दल आधी सांगते. पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होते, सगळा जन्म यवतमाळ शहरात गेला. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला. हात बराचसा परत आला, पाय काठीवर का होईना चालू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. समजतं सगळं. बोलायला गेले की नुसतं "अं... अं..." आणि मग स्वतःवरच चिडून भिंतीकडे तोंड. पूर्वी मी ऑफिसातून आले की फाटकाची कडी वाजताच आतून हाक यायची. चौदा महिने ती हाक नाही. खोटं कशाला बोलू — ते स्पीच थेरपीचे कागद, आरशासमोरचे व्यायाम, फोटो दाखवून शब्द विचारणं, हे मी त्यांनी पाणी मागावं म्हणून करत नव्हते. त्यांनी एकदा माझं नाव घ्यावं, एवढ्यासाठी करत होते.

थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, घराबाहेर काढा, नवीन जागा दाखवा. जानेवारीत सलग तीन सुट्ट्या होत्या. मी, माझा नवरा विनोद, नऊ वर्षांची इशिता आणि बाबा, दोन तंबू घेऊन डोंगरात राहायचं ठरवलं. विनोदला चिखलदऱ्याला जायचं होतं. मी म्हटलं, एवढी गर्दी बाबांना झेपणार नाही, आपल्याच जिल्ह्यात शोधू.

"आपल्या जिल्ह्यात डोंगर? टेकडीले डोंगर म्हनून राह्यली तू!" विनोद म्हणाला.

मी एक्सेल शीट बनवली. सावली, पाणी, सपाटी, रस्ता, मोबाईल रेंज, देखावा — प्रत्येकाला दहापैकी गुण. विनोदनं तिला 'स्वयंवर' नाव ठेवलं. पहिली जागा एका तलावाच्या काठी होती. बघायला गेलो तर तीन गाड्या डीजे लावून उभ्या. दुसरी उंच टेकडीच्या माथ्यावर, खाली सागाचं जंगल पार नजर जाईल तिथवर. देखाव्याला दहापैकी दहा, पण प्यायला थेंब नाही आणि चढ असा की बाबांना पाठुंगळी न्यावं लागलं असतं. तिसरी मी उपग्रहाच्या चित्रावर शोधली. पांढरकवड्याहून झरीकडे जाताना आत, डोंगराच्या कुशीत एक तपकिरी ठिपका. सपाट, भोवती मोहाची मोठी झाडं, शंभर पावलांवर नाला. गवताची काडी नाही, जणू कुणी झाडून ठेवलेली जागा. जंगलाच्या हद्दीबाहेर, गावाच्या गायरानात. पोलीस पाटलांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "या ना, बसा कुटंबी." झालं, शीटवर सगळ्यात जास्त गुण. मी मोठ्या तोऱ्यात विनोदला दाखवलं.

ती जागा एवढी स्वच्छ का, हा प्रश्न मला पडला नाही. वर्षानुवर्षं नकाशे बघून अक्कल अशी चालते बघा.

शनिवारी सकाळी दहाला पोहोचलो. हवा काय सुरेख! मोहाच्या सावलीत तंबू लागले. विनोदनं गोवऱ्यांच्या आरावर रोडगे टाकले, वांगी भाजायला ठेवली. बाबा घडीच्या खुर्चीत बसून नाल्याकडे बघत होते. चेहरा कधी नव्हे इतका मोकळा. इशिता तंबूत चित्रं काढत होती.

साधारण बाराच्या सुमारास सागातून घंटांचा आवाज आला. विनोद खूश. "पाह्य, गाई येऊन राह्यल्या!" म्हणून त्यानं मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. पाच आल्या, दहा आल्या, मग थांबेचनात. पन्नास-साठ तरी असतील, मधे दोन थोराड बैल. सगळ्या सरळ आमच्याकडेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला — ती गावच्या गुरांची दुपारी बसायची जागा होती! रोज साठ जनावरं बसून बसूनच ती गुळगुळीत झाली होती. पोलीस पाटलांनी सांगितलं नाही, कारण हे न कळणारा माणूस जगात असेल असं त्यांना वाटलंच नसेल.

पुढच्या गाई तंबू बघून बुजल्या, मागच्या ढकलत होत्या. एका बैलाचं शिंग तंबूच्या दोरीत अडकलं. आणि आत इशिता. मी ओरडत धावले, त्यामुळे जनावरं आणखी बिथरली. विनोद एका हातात मोबाईल तसाच धरून "हाड हाड" करत होता. गाईंना कुणी हाड म्हणतं का? पण आम्ही शहरातली माणसं, आम्हाला दुसरं काय येणार...

आणि मागून आवाज आला. लांब, खालून वर चढत जाणारी हाळी. मी वळून पाहिलं. बाबा उभे होते. काठी खाली पडलेली, एक हात तोंडाशी.

"ए चांदेऽऽ... मोरेऽऽ... ए कपिले, हो हो... लाखेऽ..."

स्वच्छ. एकही अक्षर अडखळलं नाही. आणि गुरं थांबली. शिंग अडकलेल्या बैलानं मान खाली घातली, दोरी आपोआप सुटली. बाबा एकेक नाव घेत होते आणि गाई एकामागून एक वळून पलीकडच्या झाडांखाली जाऊन बसत होत्या. मी इशिताला तंबूतून काढून छातीशी धरलं, पण लक्ष सगळं बाबांच्या तोंडाकडे. माझ्या बाबांना बोलता येत होतं!

हे सगळं मिनिटभरात आटोपलं. मग ते खुर्चीत बसले आणि हातानं पाणी मागितलं, जसं घरी मागतात तसंच.

मी त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले. "बाबा, बाबा... मी कोण? माझं नाव घ्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "अं..." पुन्हा प्रयत्न केला. "अं... अं..." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून ओशाळल्यासारखे हसले. मी तिथंच भोकाड पसरलं. इशिता घाबरून बघत राहिली. मला त्या गाईंचा राग आला होता, खरंच सांगते. साठ गुरांतल्या कुठल्या कपिलीचं नाव येतं आणि पोटच्या पोरीचं नाही?

तेवढ्यात गुरांचा गायकी, म्हणजे गावाची गुरं चारणारा लटारी काका, नाल्याकडून धावत आला. पासष्टीचा, डोक्याला पांढरा दुपट्टा.

"माह्या ढोरायले हाळी कोनं देल्ली?"

विनोदनं बाबांकडे बोट केलं. लटारी काकानं बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कोन्या गावचे गायकी, बाबा?"

विनोद म्हणाला, "काका, त्यायले बोलता नाही येत."

"मंग आत्ता मी आयकलं ते काय व्हतं?" काका म्हणाला. मग स्वतःशीच पुटपुटला, "माहा बाप देत जाय अशी हाळी. मले त निस्ती शिट्टी येते."

आता माझ्यातली खडूस बाई जागी झाली. डोळे पुसले आणि विनोदचा मोबाईल घेतला. व्हिडिओत गाई, धूळ, माझं किंचाळणं आणि बाबांचा आवाज, सगळं आहे. तीनदा ऐकून नावं लिहिली. सतरा. लटारी काकाला घेऊन झाडांखाली फिरले, एकेका गाईशी नाव जुळवलं. सोळा बरोबर. आता तुम्ही म्हणाल चांदी, मोरी, कपिली ही नावं गावोगाव असतात. मीही तेच म्हटलं. पण व्हिडिओत ज्या नावाला जी गाय वळताना दिसते, तीच ती. सतरावी तेवढी चुकली. एका पांढऱ्या गाभण गाईला बाबांनी 'हरणी' म्हटलं होतं.

"हे सुंदरी हाये," काका म्हणाला. "बाकी सारे बराबर."

मला खरं तर हायसं वाटलं. एक चुकलं म्हणजे बाकीचा योगायोग, असं मी मनाला समजावलं आणि त्याच दुपारी आम्ही तंबू नाल्यापलीकडे हलवले. आठ दिवसांनी लटारी काकाचा फोन आला. सुंदरीच्या मालकाकडे त्याची म्हातारी सासू आली होती. गाय तिच्याच घरून आलेली. तिनं गाईच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "काय वो हरणे, वळखलं का?" वासरू असताना तिचं नाव तेच होतं. गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी बोरी अरबच्या आत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला, फोन लावला. बाबांनी लहानपणी कधी गुरं चारली का, विचारलं.

"तो?" आत्या खदाखदा हसली. "म्हशीले पाहून घरात पयत होता तो. काहून विचारून राह्यली?"

डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, अशा रुग्णांच्या तोंडून कधीकधी पाठ असलेलं गाणं, शिव्या, आकडे अचानक बाहेर येतात. मी विचारलं, पाठच नसलेलं येतं का? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. व्हिडिओ मागू नका, बाबांना विचारल्याशिवाय तो मी कुठेही टाकणार नाही आणि विचारलं की ते भिंतीकडे तोंड करतात.

तेव्हापासून आम्ही दोनदा तिथं जाऊन आलो. आता शीट नाही, स्वयंवर नाही. बाबा दगडावर बसतात, गुरं येतात, बसतात. बाबा बघत राहतात, शांत. तोंडातून शब्द नाही. घरीही नाही. इथल्या कुणाला काही सुचत असेल तर लिहा. माझ्यासारखी कमेंट टाकलीत तरी चालेल.

परवा पुन्हा काकाचा फोन आला. हरणी व्याली, कालवड झाली. (हो, आता सगळं गाव तिला हरणीच म्हणतं.)

"बाई, तुह्यं नाव काय वो?"

"वैशाली. कायले?"

"बाप काय म्हनत होता तुले?"

"वैशू," मी म्हटलं.

"मंग कालवडीचं नाव वैशूच ठेवतो. पुढच्या टायमाले तुह्या बाबानं साऱ्या गाईयले हाका देल्ल्या, त तुह्यं बी नाव घ्याच लागन त्यायले."

मी हसले आणि हसता हसता रडले. बाबा समोरच बसले होते, काय झालं म्हणून बघत होते. त्यांना मी सांगितलं नाही.

येत्या रविवारी जातोय. बाबा हाळी देतील की नाही, माहीत नाही. दिलीच, तर ती कालवडीला असेल हे मला समजतं. तरी मी 'ओ' देणार आहे.