सुभेदारसाहेबांचा रोल कॉल

इन्स्पेक्शनच्या आदल्या संध्याकाळी मी अंबरनाथहून बदलापूरला गेलो. हेंद्रेपाड्यात आमच्या सुभेदारसाहेबांचं घर. मी त्यांच्या पलटणीत कुक होतो. शाळा तिसरी नापास. जवान बोलायचे, याच्या डाळीपेक्षा दुश्मन बरा.

साहेबांची आठवण गेलीय. वहिनींना विचारतात, "बाई, तुम्ही कोण?" त्यांना बाथरूममध्ये उठवताना दोघं पडले, वहिनींचा हात प्लास्टरमध्ये. सांभाळायला सरकारी खर्चानं घरी माणूस मिळावा म्हणून अर्ज केलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सैनिक ऑफिसातून डॉक्टर मॅडम बघायला येणार होत्या.

इन्स्पेक्शन म्हटलं की मला एकच कळतं. साहेबांची दाढी केली. बूट इतके घासले की माझं थोबाड दिसलं, मग जरा कमी घासले. ब्लेझर, मेडल, टोपी.

"भाऊ, लग्नाला नेताय काय?" वहिनी बोलल्या.

"इज्जतीचा सवाल आहे, वहिनी."

मॅडम आल्या. साहेब खाडकन उभे. सावधान.

"तब्येत कशी आहे, साहेब?"

"सब ठीक, मॅडम!"

"काही त्रास?"

"कोई तकलीफ नहीं, मॅडम!"

पलटणीत इन्स्पेक्शनला दुसरं उत्तरच नसतं. पाय बर्फानं काळे पडले तरी सब ठीक.

"कागदावर वेगळंच लिहिलंय," मॅडम बोलल्या, "हे तर फिट दिसतात." पेनाला टोपण लावलं. वहिनी प्लास्टरकडे बघत राहिल्या. जन्मात एकदा काम चोख केलं, तर त्यानंच घात केला.

"चहा तरी घ्या," मी बोललो. माझा चहा म्हणजे शिक्षा, पण मॅडमना थांबवायचं होतं. वहिनी कप काढायला आत गेल्या. तेवढ्यात दिवेलागण झाली. साहेब हॉलच्या मधोमध आले.

"फॉल-इन!"

मी बशी धरून लाईनीत उभा राहिलो. लाईनीत मी एकटाच.

"नाईक सावंत!"

किचनमधून वहिनी, "हाजिर, साब!"

"सिपाही गावडे!"

"हाजिर, साब!"

"सिपाही मोरे!"

"हाजिर, साब!"

साहेबांनी मान डोलावली आणि जेवायला बसले.

मॅडमचा आवाज बारीक झाला. "हे रोज?"

"रोज," वहिनी बाहेर येत बोलल्या. "कुणी हाजिर बोललं नाही, तर दार उघडून शोधायला निघतात. एकदा रेल्वेच्या रुळावर सापडले."

"कोण हे तिघं?"

ते मी सांगितलं. आमच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला होता. फावडी गाडली गेली, म्हणून साहेबांनी हातांनी खणलं. तिघं मिळाले. जिवंत एकही नाही.

मॅडमनी टोपण काढलं.

माणूस मिळाला. चामटोलीचे एक काका, सकाळी येतात ते रोल कॉल झाल्यावरच जातात. पहिल्या दिवशी मी त्यांना गोळ्या नाही, ती तीन नावं शिकवली.

मी गेलो की अजून लाईनीत उभा राहतो. माझं नाव कधीच येत नाही. वहिनींना बोललो, "साहेबांचा डाळीवरचा राग अजून गेला नाही."

"भाऊ, तुम्ही परत आलात," वहिनी बोलल्या. "परत आलेल्याला कोण शोधतं?"

तेव्हापासून मी पोट आत घेऊन उभा राहतो.

सावंत. गावडे. मोरे.

हाजिर, साब.