आधी सत्कार, मग पियानो

माझ्या मैत्रिणीला कंपवात आहे. गोळी घेतली की थोड्या वेळाने हात शांत होतात, तासभर तसे राहतात, मग पुन्हा थरथर सुरू. दुसरी गोळी मनाला येईल तेव्हा घेता येत नाही. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून आम्ही ठरवलं, तिचा पियानो आणि माझं व्हायोलिन, एक अख्खा सोनाटा एकदा तरी लोकांसमोर वाजवायचा.

ती सिंधी, उल्हासनगर कॅम्प एकची. मी बदलापूरची. तिच्या कापडदुकानावरच्या खोलीत आम्ही वर्षानुवर्षं वाजवत आलो. खाली भावाची घासाघीस चाललेली असायची, वर आमचं पाश्चात्त्य संगीत. गिऱ्हाइकं विचारायची, वर कसला क्लास आहे का.

अंबरनाथच्या एका मंडळाने वर्धापनदिनाला बोलावलं. तिचा पियानो टेम्पोने हॉलवर नेला. मी आयोजकांना बजावलं होतं, तिच्या गोळीची वेळ ठरलेली आहे, कार्यक्रम सहाला म्हणजे सहाला. "ताई, टेन्शनच घेऊ नका," ते म्हणाले. असं कुणी म्हणालं की मला हमखास टेन्शन येतं.

गोळी घेऊन आम्ही बसलो, तर पाहुणेच आलेले नाहीत. ते आले तर पंख्याच्या वाऱ्याने समई लागेना. मग सत्कार. अध्यक्ष, उपाध्यक्ष, देणगीदार, मंडपवाला, माजी नगरसेवक, आणि राहिला तर रुसेल म्हणून त्याचा मेहुणा. शाल, श्रीफळ, फोटो. फोटो हलला की शाल काढून पुन्हा घालायची. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी निवेदकाला खुणावलं, त्याने दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं म्हणे. मेल्यांची दोन मिनिटं.

मग आमचा सत्कार. मैत्रिणीला शाल पांघरली, हातात नारळ दिला. नारळ स्थिर होता. अजून वेळ आहे, असं मी मनाला समजावलं. तेवढ्यात अध्यक्षांनी माईक धरला आणि जीवनातलं संगीताचं महत्त्व सांगायला घेतलं. मी जाऊन कानाशी म्हटलं, "साहेब, हिच्या हातांना फार वेळ नाही."

"आमचे कलाकार उतावीळ झालेत," ते माईकवरच म्हणाले. लोक हसले.

शेवटी एकदाचं सुरू झालं. पहिला भाग तिने असा वाजवला की मी त्या मेहुण्यालासुद्धा माफ केलं. दुसरा भाग संथ आहे. त्यात तिचा डावा हात हलायला लागला, मग उजवा. सूर चुकले, ती थांबली, पुन्हा चुकले. तिने दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले आणि शालीखाली दडवले.

"तू बजा," ती हळूच म्हणाली. "रुक मत."

मी एकटीच वाजवत राहिले. पुढे एक जागा येते, तिथे व्हायोलिन गप्प राहतं आणि फक्त पियानो वाजतो. मी तारांवरचा बो उचलून थांबले. तिचे सूर मी मनातल्या मनात म्हणत होते, तेवढ्यात लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या वाजल्या, जोरात वाजल्या. अध्यक्षांनी पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथल्या तिथे देऊन टाकलं. हात बाहेर न काढता तिने हसून मान डोलावली.