उघड्या छपराची पिकअप

छप्परकाकांना कारखान्यात कुणी चहाला बोलवत नसे, कारण चहा पितानाही ते गाडीच्या दारांबद्दलच बोलत. मी शेजारच्या शेडमध्ये सीट बसवतो, म्हणून ऐकायची शिक्षा मला.

बायको गेल्यापासून त्यांना एकच काम उरलं होतं. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपचं छप्पर उघडझाप होणारं करता येईल का, हे साहेबांना सांगायचं. ‘होतं’ म्हटलं तर काम पुढे चालू. ‘नाही’ म्हटलं तर शेड बंद आणि काका घरी. मी असतो तर डोळे मिटून ‘होतं’ म्हणालो असतो.

छप्पर काढलं की गाडी झाकण काढलेल्या खोक्यासारखी पिळवटते, असं ते सांगत. खालची बॅटरीची पेटी आधार देते, पण मागे माल भरला की तोही पुरत नाही. त्यांची परीक्षा साधी: मागे वाळूची पोती, एका चाकाखाली ठोकळा, आणि दार लावून बघायचं. दार अडलं की ते दाराखालची लोखंडी पट्टी जाड करत. मग वजन वाढे आणि एका चार्जमध्ये गाडी कमी पळे. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एका सकाळी दार अलगद लागलं. साहेबांनी पाठ थोपटली, आणखी वर्षभर काम करा म्हणाले. काका चक्क हसले. जेवणानंतर त्यांनी मागे घडी करून ठेवलेलं छप्पर उचललं, तर खाली पोतीच नव्हती. झाडणाऱ्या बाईंनी ती सकाळच्या परीक्षेआधीच उतरवून भिंतीशी लावली होती.

“काका, गप्प बसा,” मी म्हटलं. “कुणाच्या बापाला कळतंय?”

“उद्या यात कुणाची तरी पोरं बसतील रे,” म्हणत ते पोतं ओढू लागले. मीही चरफडत हात लावला.

काकांनी आत बसून दार ओढलं. ते अर्ध्यातच अडकलं, ना पुढे ना मागे. तिथूनच त्यांनी साहेबांना फोन लावला. “नाही होत, साहेब. सकाळी माझं चुकलं.” पलीकडून साहेब बहुतेक आभारच मानत होते.

शिफ्ट सुटली, तरी काका स्टिअरिंग धरून बसलेले.

“चला की! वरून उतरा, छप्पर कुठाय?”

“तू हो पुढे,” ते म्हणाले. “घरी जाऊन ‘आलो गं’ म्हणायचं तरी कुणाला?”