ओला केलेला ब्रश

“मी दिली न्हाई. तिनं घेतली,” धोंडुबाई तिसऱ्यांदा म्हणाली आणि मिश्रीचा डबा तिनं पदराखाली सरकवला.

नववीतल्या पोरीच्या, प्रांजलच्या तोंडात तंबाखू आली कुठून, एवढंच भामाबाईनं आपल्या आईला विचारलं होतं. शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी प्रांजलच्या सुटलेल्या हिरड्या, काळे डाग बघितले आणि भामाबाईला बोलावून घेतलं. आमची पोर रोज ब्रश करते, मी माझ्या डोळ्यांनी बघते, असं भामाबाई चार बायांसमोर ठासून सांगून आली होती.

बघत होती ती नुसता ओला ब्रश. प्रांजल तो नळाखाली धरायची, जरा पेस्ट मोरीत सोडायची. भामाबाई हळद निवडायला मार्केट यार्डात गेली, की आजीशेजारी उकिडवी बसून बोटानं मिश्री लावायची. दोन वर्षं.

मिश्री काय करते हे भामाबाईला कुणी सांगायला नको होतं. अकराव्या वर्षी दाढ दुखली म्हणून धोंडुबाईनंच भाजल्या तंबाखूची ती पूड तिच्या बोटावर ठेवली होती. पस्तिशीपर्यंत चार दाढा गेल्या. चार वर्षांमागं तिनं मिश्री सोडली, तेव्हा महिनाभर डोकं बांधून पडायची, कुणाशी धड बोलायची नाही. त्याच महिन्यात तिनं आईला देवापुढं बसवलं आणि बिरोबाचा भंडारा, देवाची हळद, उचलून शपथ घ्यायला लावली, पोरीला देणार नाही म्हणून. भंडारा उचलल्यावर धनगराच्या घरात परत विचारायचं नसतं. तिनंही विचारलं नाही.

“दाढ ठणकत हुती गं तिची,” धोंडुबाई म्हणाली. “डबा उघडा ठिवला, एवढंच. हातानं न्हाई दिली. भंडारा मोडला न्हाई मी, भामे.”

भामाबाई पोरीकडं वळली. प्रांजल नखानं भिंतीचा पोपडा काढत होती.

“वर्गात आमी पाचजणी लावतो,” ती म्हणाली. “तूबी लावायचीस की.”

भामाबाईनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग उठून तिनं आईची दोन लुगडी पिशवीत घातली. बिराप्पा कामावरून येऊन हातपाय धूत होता. काय झालं म्हणून त्यानं बायकोला विचारलं.

“रविवारी मी आयला कराडला भावाकडं सोडून येती,” ती म्हणाली. “ती आता तितंच ऱ्हाईल. आन् उद्यापास्नं प्रांजल माज्यासमोर दात घासंल, तोंड उघडून दावंल, मग मी कामाला जाईन.”