संत्र्याचा बहार, मोगरा आणि शोभाताईंचं नाक

आधीच सांगते, मला गोड बोलता येत नाही. लिहायला बसले की शाळेतली मराठी येते आणि भांडायला लागले की घरची, आणि आमच्या दुकानात लिहिण्यापेक्षा भांडायचीच वेळ जास्त येते. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांमागच्या गल्लीत मनोहररावांचं अत्तराचं दुकान आहे. तिथे मी, भावना, अकरा वर्षांपासून आतल्या खोलीत बसून शिश्या भरते. बाहेर दाराजवळच्या गादीवर शोभाताई बसतात. त्यांना तीस वर्षं झाली. दुकान मनोहररावांचं, पण गिऱ्हाईक शोभाताईंचं.

शोभाताई मूळच्या कुहीच्या. धानाच्या शेतात वाढलेल्या. शेजारच्या घरात भात शिजत असला की कोणत्या वाणाचा आहे ते अंगणातून सांगणारी बाई! हे नाक घेऊन त्या नागपुरात आल्या आणि अत्तरात शिरल्या. गिऱ्हाइकाचं काही ऐकून घेत नाहीत. भर मे महिन्यात कोणी हिनासारखं गरम अत्तर मागितलं की सरळ म्हणतात, "डोकं फिरवून घ्यायचं हाये का, भाऊ? थंडी पडू द्या, मंग या." आलेला माणूस परत पाठवतात आणि मालक तिकडे कपाळाला हात लावून बसतात.

उन्हाळ्यासाठी त्यांचं स्वतःचं एक मिश्रण आहे. संत्र्याच्या फुलाचं अत्तर, त्यात सालीची थोडी चुणचुण आणि वरून मोगरा, तोही नावापुरता. होळी झाली की सुरू करायचं. कानामागे एकेक थेंब, मनगटावर एक, बस. जवळ गेल्याशिवाय कळायचंही नाही. चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून जयंतीला निघतात तेव्हाही तेच. आम्हाला उन्हाळा लागल्याचं कॅलेंडरवरून नाही, शोभाताईंवरून कळतं.

यंदा एप्रिलच्या शेवटी एक दिवस त्या आल्या आणि अख्ख्या दुकानात कूलरचा वास सुटला. नागपूरच्या बाहेरच्यांना समजावून सांगते. आमच्याकडे कूलरच्या पाण्यात टाकायचं वेगळं सेंट मिळतं. हिरवंगार, खसाचं, चांगलं झणझणीत. टाकीभर पाण्यात झाकणभर टाकलं की घरभर वाळ्याची हवा फिरते. ते अंगाला लावायचं नसतं हो! मला वाटलं, कूलर भरताना साडीवर सांडलं असेल. दुसऱ्या दिवशी तोच वास. तिसऱ्या दिवशी माझं डोकं सटकलं.

"शोभाताई, आज काय कूलरच्या टाकीत बसून आल्या का?"

मला वाटलं, आता एक सणसणीत उत्तर येणार. पण त्यांनी मनगट नाकाशी नेलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

मालक जेवायला गेले होते. शोभाताई आत आल्या आणि दार लोटून माझ्यासमोर बसल्या. "मले वास येत नाही वं, भावना. फेब्रुवारीत ताप आला होता ना, तवापासून. दूध दोनदा करपलं, शेजारीण धावत आली तवा समजलं. माही शिशी अन् कूलरची शिशी एकाच फळीवर होती. घेतली अन् लावली."

"डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणते, येईल. नाही तर नाही येणार." मग त्यांनी माझा हात धरला. "मालकाले सांगू नको. तो मले आत शिश्या पुसायले बसवेल. सारा जनम या नाकावर काढला. नाकच नाही, तर मंग शोभा कोण वं?"

दोन महिने ही बाई शिश्यांच्या जागा आणि थेंबांचे आकडे आठवून गिऱ्हाईक सांभाळत होती आणि आत बसून मला पत्ता नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यावरच ओरडले. "रडून काय राहिल्या? माहं नाक हाये ना!"

बोलून तर गेले. पण माझं नाक म्हणजे बारा महिने सर्दी. पहिल्याच दिवशी त्यांनी अत्तराचा फाया माझ्या नाकापुढे धरला. "कसा हाये?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? कांदा हाये का? साल हाये का फूल हाये ते सांग. घशात उतरते का कपायावर बसते? मोगरा आधी येते का मागून येते?"

मालक जेवायला गेले की आमची शाळा भरायची. लिंबाची साल, संत्र्याचा पाला, आजचा मोगरा, कालचा मोगरा. डोळे मिटायचे आणि सांगायचं. चुकले की डोक्यात टपली. शेहेचाळीस वर्षांच्या बाईला टपली! मीही ऐकून घेणारी नाही. एकदा तर फाया फेकून म्हटलं, "मले नाही जमत, तुमच्या नाकाची वाट पाहा." त्यांनी शांतपणे तो उचलला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला. असे पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी सिटी बसमध्ये माझ्या लक्षात आलं की पुढच्या सीटवरच्या बाईचा गजरा कालचा आहे आणि बाजूच्या पोरीनं हाताला लिंबू चोळलंय. मी एकटीच हसत सुटले. बाजूची पोरगी जरा सरकून बसली.

त्यानंतर आम्ही रीत ठरवली. शोभाताई मिश्रण करणार, मी शिश्यांचा ट्रे घेऊन बाहेर येणार, आणि काही जड झालं तर एकदा खोकणार. आठ दिवसांत मनोहररावांनी विचारलं, "भावना, तुले दमा झाला का?"

आणि मग काटोलच्या प्रेमिलाबाई आल्या, सोबत लेक मिनल. संत्र्याचा मोठा मळा त्यांचा. पुढच्या आठवड्यात मिनलचं लग्न, काटोललाच, भर दुपारचा मुहूर्त. मांडवाच्या दाराशी पाहुण्यांच्या हाताला लावायला अत्तर हवं होतं. "आमच्या मळ्यात जानेवारीत आंबिया बहार फुटते ना," प्रेमिलाबाई म्हणाल्या, "तसाच वास पाहिजे. पोरगी चालली सासरी. तिले तो वास घेऊन जाऊ द्या."

झाली का पंचाईत! बाकी कोणालाही फसवता येईल, पण जी माणसं बहारातच झोपतात-उठतात त्यांना कसं फसवणार? त्यात मोठं गिऱ्हाईक म्हणून मालक स्वतः येऊन उभे राहिले.

शोभाताईंनी फूल घेतलं, साल घेतली, बुडाला चंदन. प्रेमिलाबाईंनी हुंगलं. "जवळ आलं. पण नाही." मग मोगऱ्याचा एक थेंब. मी ट्रे घेऊन शेजारीच होते. तो वास आला आणि मला न सांगता कळलं, हाच. एवढंच हवं होतं. पण शोभाताईंच्या हिशेबात एवढ्या मिश्रणाला मोगऱ्याचे तीन थेंब, आणि मोगरा या खेपेला नवा आलेला, जास्त जहाल. त्यांचा हात पुन्हा शिशीकडे गेला. मी खोकले. कूलर घरघरत होता, त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा खोकले. शिशी तिरपी झाली.

"थांबा! मोगरा बोकांडी बसन ना!" मी ओरडले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मनोहरराव म्हणाले, "तू काहून सांगून राहिली? त्याईले समजत नाही का?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण शोभाताईंनी शिशी खाली ठेवली. "नाही समजत, मालक. तीन महिने झाले, मले वासच येत नाही." गिऱ्हाइकांसमोर, सरळ मालकाकडे पाहून.

संपलं, असं मला वाटलं. तीस वर्षांची गादी माझ्या या तोंडानं घालवली. स्वतःचीच जीभ उपटून टाकावी असा राग आला. तेवढ्यात मिनलनं गादीवरचा फाया उचलला, त्या मिश्रणात टेकवला, हाताच्या पाठीवर फिरवला आणि हुंगला. "आई, पाह्य ना. विहिरीजवळच्या झाडाईचा वास."

प्रेमिलाबाईंनी लेकीचा हात नाकाशी धरला तो सोडेचनात. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "हाच. हाच द्या." मग शोभाताईंकडे वळल्या. "पण बाई, वास येत नाही तर केलं कसं तुम्ही?"

"नाक हिचं," शोभाताई म्हणाल्या, "अन् डोकं माहं."

त्या दोघी गेल्यावर मनोहररावांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "उद्यापासून भावना बाहेर बसन."

"मग मी उद्यापासून येतच नाही," मी म्हटलं. "त्याईची गादी घेऊ का मी?"

"अवं, आयकून तं घे! शोभाबाईले कोणी उठ म्हटलं? दुसरी गादी आणतो ना मी."

मालक तिकडे वळले आणि शोभाताई आतल्या खोलीत जाऊन हमसून रडल्या. रडता रडता हसायलाही लागल्या. "चोरी करून राहिल्यावानी वाटत होतं वं. सुटली बाई मी. आता तुले शिव्या मालकासमोरच देईन." आणि दुसऱ्या दिवसापासून देतातही.

लग्नाला प्रेमिलाबाईंनी आम्हा दोघींना आग्रहानं बोलावलं. एस.टी.नं काटोल गाठेपर्यंत आमचा अगदी भुर्ता झाला. मांडवात पाय ठेवतो तोच प्रेमिलाबाईंनी अत्तराचा फाया शोभाताईंच्या हातात दिला. "तुम्ही केलं, तुम्हीच लावा."

त्या दाराशी उभ्या राहिल्या. वऱ्हाडी येत होते, उन्हासाठी तोंडाला बांधलेले दुपट्टे सोडत, घाम पुसत, चिडलेले, पोरांवर खेकसत. शोभाताई एकेकाचा हात घेत, फाया टेकवत आणि मग तोंडाकडे पाहत राहत. एक म्हातारे आले, कपाळाला आठ्या. हात हुंगला. तिथेच थांबले, पुन्हा हुंगला आणि गालातल्या गालात हसत आत गेले. त्यांच्या मागच्या बाईनं आपला हात लेकराच्या नाकाला लावला. मला राहवेना. वास कसा उठलाय, फूल कसं पुढे येतंय, मोगरा कसा मागून येतोय, हे सगळं सांगायला मी त्यांच्या कानाशी वाकले.

"तू गप वं," शोभाताई त्या लेकराच्या तोंडावरची नजर न काढता म्हणाल्या. "मले दिसून राहिलं."