वाळूवरची चूल

माझी बायको जिवनबाई अठ्ठावन्न वर्षांची आहे. त्यातले बावीस हंगाम आम्ही दोघांनी ऊस तोडला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मी तोडत पुढे जायचो, ती मागून मोळी बांधायची. तिची मोळी गाडीत चढवताना कधी सुटली नाही. हे मी नवरा म्हणून लिहीत नाही, मोळ्या डोक्यावर वाहिलेला माणूस म्हणून लिहितो.

आमचा तांडा डोंगरकडा गावाजवळ. दिवाळी झाली की अर्धा तांडा तोडीला निघायचा. थोरला दिपक आमच्यासोबत फडात वाढला. धाकटी पुजा मात्र आठ महिन्यांची असताना फडातल्या थंडीने मरता मरता वाचली. पुढच्या हंगामापासून तिला माझ्या आईजवळ ठेवून आम्ही जायचो. सहा महिने. अशी नऊ वर्षं गेली. पुजा आता नांदेडला नर्स आहे. त्या दिवसांबद्दल ती कधी बोलली नाही, आणि जिवनबाईने कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी पुजाने आईला मोबाईलवर कासवांचा व्हिडिओ दाखवला. कोकणात समुद्राची कासवीण वाळूत अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात आणि आपली आपण पाण्यात जातात.

जिवनबाई म्हणाली, "आई न्हाई, कोणी न्हाई, आन् जातेत? खोटं हाय."

"खरं आहे, आई."

"डोळ्यानं पाहिल्याबिगर न्हाई मानायची मी."

नंतर आठवडाभर ती अधूनमधून तेच विचारत राहिली. पोचत असतील का? वाट कोण दाखवत असेल? तिला काय पाहायचं आहे ते मला कळलं. मार्चमध्ये शेतातली हळद निघाली आणि मी दिपकचा छोटा हत्ती टेम्पो मागून घेतला.

दिपक म्हणाला, "बाबा, बावीस वर्षं फडावरच्या कोपीत झोपले, पोट भरलं न्हाई व्हय?"

"गाडीचं ऑइल बदलून ठेव. जास्त बोलू नको."

पुजाने तंबू पाठवला होता. तो मी उघडून पाहिला. खुंट्या वीतभर, दोऱ्या सुतळीएवढ्या. घडी करून ठेवून दिला. ताडपत्री, चार बांबू आणि जाड नाड्याची गुंडाळी घेतली. जिवनबाईने परात, तवा आणि ज्वारीचं पीठ घेतलं. सोलापूर, कोल्हापूर, मग घाट उतरून रत्नागिरी. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता आम्हाला ट्रॉलीत मागे बसून पाठ होता. या वेळी ती पुढच्या सीटवर होती. बराच वेळ ती काचेला हात लावून बसली.

रत्नागिरीपासून किनाऱ्याने वर सरकलो. खाडी आली की गाडी फेरीबोटीत घालायची. एका खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन दिसले. जिवनबाई म्हणाली, "म्हशीवानी पाठ काढून राहिले बघा." दुसऱ्या दिवशी एका उंच सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाचं घरटं पाहिलं. दोन्ही पाखरं आळीपाळीने मासा आणत होती. ते पाहत आम्ही दोन तास बसलो. बिनकामाचे दोन तास ती बसली, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

कासवांच्या गावात तिसऱ्या दिवशी पोचलो. तिथे गावातलाच एक माणूस अंडी राखतो. त्याला कासवमित्र म्हणतात. सापडलेली अंडी तो जाळीच्या कुंपणात पुरतो आणि पिल्लं निघाली की सोडतो. तो म्हणाला, "काका, आज-उद्या निघतील. पण अंधारात बॅटरी नको, मोबाईल नको. उजेड दिसला की पिल्लं तिकडे वळतात."

आम्ही मान हलवली. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, सुरूच्या कडेला गाडी लावली. वाऱ्याकडे पाठ करून ताडपत्री बांधली.

दोन दिवस काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला परत निघायचं होतं. दिपकला गाडी हवी होती.

त्या पहाटे जिवनबाई चारला उठली. फडात ती चारलाच उठायची. भाकऱ्या बांधल्याशिवाय कोयता निघत नसे. तिने जांभ्याचे तीन दगड मांडले, सुरूची वाळकी फळं घातली आणि चूल पेटवली. मी पडल्या पडल्या पाहत होतो. जाळ एका काडीत धरला. मला बरं वाटलं. बॅटरी लावायची नाही हे आम्हा दोघांच्या पक्कं लक्षात होतं. चूल हा उजेड असतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आमच्यासाठी चूल म्हणजे भाकर.

पहिली भाकर तव्यावर होती. ती म्हणाली, "ओ दिपकचे बाबा, खेकडे किती येऊन राहिले बघा."

मी उठून पाहिलं. खेकडा आडवा चालतो. हे सरळ येत होते, चुलीकडे. एक तर चुलीच्या दगडापासून हातभरावर आलं होतं. तळहातात मावेल एवढं, काळं, पंखासारखे पाय मारत.

"जिवने, पिल्लं हायेत!"

कासवमित्राला न सापडलेलं एक घरटं आमच्यापासून वीस पावलांवर होतं.

तिने परातीजवळचं तांब्याभर पाणी चुलीवर ओतलं. निखारे चुरचुरले, विझले नाहीत. मग तिने दोन्ही हातांनी वाळू ओढून चूल बुजवली. बोटं भाजली, तरी थांबली नाही. मी गुडघे धरत गावाकडे पळालो.

कासवमित्र आला तेव्हा ती अंधारात वाळूवर बसली होती, हलत नव्हती. पायाखाली एखादं येईल म्हणून.

"चूल कुणी पेटवली?" तो ओरडला.

मी म्हणालो, "आमी दोघांनी."

"न्हाई, मी पेटवली," ती म्हणाली. "मला आधी सांगा, आता काय करू? मंग बोला काय बोलायचं ते."

तो वाकून पिल्लं बघू लागला. म्हणाला, "उचलायचं नाही. चालू दे, चालण्यानंच त्यांच्यात बळ येतं. अंधार राहिला तर वळतील. पण ही पावलं आणि तुमच्या चाकाची चाकोरी बघा. यात पडलं की त्यांना चढता येत नाही."

ते काम आम्हाला कळलं. गाडीची मागची फळी मी काढली आणि पाण्याच्या दिशेने वाळूवर ओढत निघालो. जिवनबाई मागून गुडघ्यांवर येत हातांनी राहिलेले खड्डे थापत होती. मी पुढे, ती मागे. चाळीस पावलांची पट्टी पाण्यापर्यंत सपाट केली. अंगणासारखी झाली. कासवमित्र कडेला उभा राहून पाहत होता. म्हणाला, "तुम्ही दोघं आधी कुठे काम करत होता?"

"एकाच कोयत्यावर," मी म्हणालो. त्याला ते कळलं नसावं.

अंधारात लाटांची फिकट चमक तेवढी उरली आणि पिल्लं वळली. एक, मग चार, मग सगळी. पट्टीवरून बारीक रेघा ओढत गेली. लाट यायची आणि नेऊन टाकायची. चुलीजवळ आलेलं पिल्लू सर्वांत मागे राहिलं. थांबायचं, मान टाकायचं, पुन्हा निघायचं. उजाडलं तशा घारी आल्या. जिवनबाई पदर फिरवत त्याच्या बाजूने चालत राहिली. हात लावला नाही. अर्धा तास लागला. लाटेने ते दोनदा मागे टाकलं. तिसऱ्यांदा ते दिसलं नाही.

ती ओल्या वाळूवर बसली. भाजलेली बोटं पाण्यात धरली आणि म्हणाली, "पुजाला फोन लावा."

मी लावला, आवाज मोठा करून तिच्याजवळ धरला. तिने चुलीचं सगळं सांगितलं, स्वतःची चूक न झाकता. पुजा म्हणाली, "आई, तिथंबी चूल? बोटाला थंड पाणी घाल, तेल लावू नको."

जिवनबाई म्हणाली, "पुजा, तू ल्हान व्हतीस तवा आमी तुला ठेवून जायचो. तुला राग येत व्हता का?"

तिकडे पुजाने दार लावल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "व्हय, येत व्हता. लई येत व्हता. तुमची ट्रॉली गेल्यावर मी जेवत नव्हते. आजीला विचार... आजी तर न्हाई आता."

"मला म्हणाली का न्हाईस?"

"तू विचारलं का न्हाईस?"

लाट आली. जिवनबाई सरकली नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

"बोल," ती म्हणाली. "आता समदं बोल. मी बसले."

मी फोन तिच्या हातात दिला आणि ताडपत्री सोडायला गेलो. चारही बांबू उपटून, नाडा गुंडाळून, फळी परत बसवून झाली, तरी ती तिथेच बसली होती, फोन कानाला. निघायची वेळ टळून गेली. मी तिला हाक मारली नाही.